हिशोबपट्टी वाचणारी मुलं

(आदिलाबाद येथे एका दिवंगत प्राथमिक शिक्षकांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो ते गुरुजी प्राथमिक शाळेचे शिक्षक होते. म्हणून या वर्षी विषय निवडताना मी विद्यापीठातलं अर्थशास्त्र बाजूला ठेवलं आणि प्राथमिक शाळेतलं घेतलं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना पहिलीपासून अर्थशास्त्र शिकवता येतं आणि शिकवायला हवं. त्यासाठी नवीन पुस्तक लागत नाही, नवीन तासिका लागत नाही. या मुलांच्या घरात जो व्यवहार रोज चालतो तोच वर्गात आणायचा, त्यावर आकडे मांडायचे आणि प्रश्न विचारायचे. खाऊचे पैसे गल्ल्यात टाका, एवढं सांगून थांबणाऱ्या शिक्षणाला मी अर्थशिक्षण म्हणत नाही. ज्या घरात दिवाळीपर्यंत पैसाच येत नाही, तिथलं मूल काय साठवणार? त्याला आधी हे कळायला हवं की पैसा दिवाळीपर्यंत का येत नाही, आणि आल्यावर कोणाकोणाकडे जातो.

पैनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्या मुलांचं जग पाहा. बेला, जैनद, तांसी, तलमडगू या मंडलांतल्या मुलाच्या घरी मराठी, दुकानात तेलुगू, शेजारी गोंडी किंवा कोलामी. बाप कापूस पिकवतो, आई वेचणीला जाते, आजोबांच्या नावावर पट्टा आहे, आणि घरातला स्मार्टफोन नीट चालवता येतो तो याच मुलाला. आता भारतीय कापूस निगमला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करून तारीख घ्यावी लागते. म्हणजे शेतमालाच्या विक्रीत हे मूल केव्हाच उतरलेलं आहे. शाळेला मात्र त्याची खबर नाही.

शाळेबाहेरचं गणित आणि शाळेतलं गणित यांची ही फारकत फक्त आपल्याकडची नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. तेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांना आधी गिऱ्हाईक म्हणून हिशोब विचारले. शंभरातली अठ्ठ्याण्णव उत्तरं बरोबर आली. तेच हिशोब कागदावर, शाळेतल्या नुसत्या आकडेमोडीसारखे मांडून दिले तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण शेकडा ३७ वर आलं. मुलं तीच, आकडे तेच. अलीकडे, २०२५ च्या फेब्रुवारीत, अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांविषयी 'नेचर' या नियतकालिकात असंच लिहिलं. शिवाय त्यांनी उलट बाजूही तपासली. शाळेतली आकडेमोड येणारी, पण बाजारात काम न करणारी मुलं बाजारातल्या हिशोबात अडखळली. एका मुलाचं डोकं बाजारात पक्कं होतं आणि कागदावर अडतं, दुसऱ्याचं कागदावर चालतं आणि बाजारात फसतं. या दोघांना एका बाकावर बसवणं हे प्राथमिक शिक्षकाचं काम आहे.

आता उदाहरण घेऊ. आपल्या मार्केट यार्डात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून गाड्यांची रांग लागते. काट्याच्या आधी ओलावा मोजण्याचं यंत्र कापसात खुपसतात आणि पडद्यावर एक आकडा येतो. त्या आकड्यावर घरचा वर्षाचा हिशोब ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. हा भाव ८ टक्के ओलाव्याचा. त्याच्या वर प्रत्येक टक्क्यामागे भावातून एक टक्का कट्टी. १२ टक्क्यांच्या वर गेला की निगम कापूस घेत नाही, मग खाजगी व्यापारी म्हणेल तो भाव.

हे चौथी-पाचवीच्या वर्गात कसं नेता येईल? सुरुवातीला टक्के हा शब्दही उच्चारू नका. फळ्यावर शंभर किलो कापसाचं गाठोडं काढा आणि विचारा, यात पाणी किती? आठ किलो. दुसऱ्या गाठोड्यात दहा किलो. तिसऱ्यात बारा. पाण्याचे पैसे कोणी का द्यावेत, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात, आणि कट्टी कशासाठी आहे ते तिथे कळतं. मग हिशोब. दहाच्या गाठोड्याला दोन टक्के कट्टी, १६२ रुपये २० पैसे, हातात ७,९४७ रुपये ८० पैसे. बाराच्या गाठोड्याला ३२४ रुपये ४० पैसे कट्टी, हातात ७,७८५ रुपये ६० पैसे. मुलांना वाटतं, कापूस वाळवला की फायदा.

इथे थांबू नये. सातवीच्या मुलांना पुढचं सांगता येतं. १२ टक्के ओलाव्याचा दहा क्विंटल कापूस आजच घातला तर ७७,८५६ रुपये येतात. तोच अंगणात पसरून ८ टक्क्यांपर्यंत वाळवला तर भाव पूर्ण मिळेल, पण वजन? हजार किलोत पाणी १२० किलो होतं, कोरडा माल ८८०. आता पाणी आठ टक्केच उरलं, म्हणजे एकूण वजन साधारण ९५६.५ किलो. ८,११० च्या भावाने सुमारे ७७,५७४ रुपये. वाळवण्याचे कष्ट करून, पावसाची भीती डोक्यावर घेऊन, अडीचशे-तीनशे रुपये कमीच! म्हणजे आठ आणि बारा यांच्या मध्ये वाळवून फारसं काही हाती लागत नाही. खरा फरक पडतो तो बाराच्या रेषेवर. तेरा-चौदावरून बारावर आणलेला कापूस हमीभावात बसतो, नाहीतर बसत नाही. सरकारी नियमातली एक रेषा कुटुंबाच्या निर्णयाला कशी वळण लावते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही आकृत्या काढून शिकवतो. इथल्या मुलाला ते बापाच्या गाडीवर बसून कळू शकतं. फक्त यार्डातून मिळणारी हिशोबपट्टी कोणीतरी त्याच्या वहीत चिकटवायला हवी.

कर्जाचं उदाहरण तर याहून सोपं आहे. आपल्या भागात धान्य उसनं देण्याच्या जुन्या पद्धतीला सवाई आणि दिडी म्हणतात. पेरणीच्या वेळी पायलीभर ज्वारी नेली तर सुगीला सव्वा पायली किंवा दीड पायली परत. दुसरीच्या मुलांना तुरीचे दाणे द्या. चार शेरांची पायली, म्हणून चार दाणे बाकावर ठेवायला सांगा. सुगी झाली, दिडीने परत करा: सहा. या वर्षी पाऊस पडला नाही, परत करता आले नाहीत, पुढच्या सुगीला सहावर दिडी: नऊ. तिसऱ्या वर्षीही जमलं नाही. आता किती? मुलं एक दाणा दाताने तोडून अर्धा करतात आणि साडेतेरा मांडतात. चारचे साडेतेरा, तीन सुगींत. चक्रवाढ व्याज हा शब्द सातवी-आठवीत येईल तेव्हा येवो, त्याचं वजन दुसरीतच हाताला कळलेलं असतं. शेजारी दुसरी रांग मांडा. पीककर्ज वेळेवर फेडलं तर बँकेचा दर वर्षाला शेकडा ४ पडतो. दाण्यांनी दाखवायला गेलात तर चार दाण्यांवर एक दाणासुद्धा वाढत नाही, दाण्याचा कण वाढतो. मग मुलं विचारतात, सगळे बँकेतूनच का घेत नाहीत? ज्याच्या नावावर जमीन नाही, जो बटईने किंवा मक्त्याने करतो, त्याला बँक सहसा विचारत नाही, ही गोष्ट या प्रश्नाच्या उत्तरात येते. मास्तरांनी ती टाळू नये.

या जिल्ह्याला ही गोष्ट टाळण्याची सोयच नाही. १९४० साली जोडेघाटला गोंडांचे पुढारी कोमराम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांची स्थिती पाहायला सांगितलं. त्यांनी जी योजना मांडली तिच्यात जमिनीच्या पट्ट्यांइतकंच महत्त्व शाळेला होतं. १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं आणि गोंडी भाषेतली वाचनपुस्तकं देवनागरी लिपीत निघाली. देवनागरी यासाठी की इथल्या गोंडांना मराठीची ओळख होती. मराठी माणसाने हे अभिमानाने लक्षात ठेवावं. त्याच काळात सेतुमाधवराव पगडी इथे अधिकारी म्हणून आले, गोंडी शिकले, गोंडी आणि कोलामीची व्याकरणं त्यांनी लिहिली. जमिनीचा कागद वाचता यावा, पावतीवरचा आकडा कळावा, अंगठा कशावर उठतोय ते समजावं, यासाठी शाळा हवी होती, असं मी त्या योजनेकडे पाहते. मारलवाई आता कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेली, २०१६ साली आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. हायमेनडॉर्फ दांपत्याची समाधी तिथेच आहे.

आणि १९८१? २० एप्रिल, सोमवार, इंद्रवेल्लीचा आठवडी बाजार. जमीन, सावकारी आणि बाजारातली लुबाडणूक यांविरुद्ध जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. सरकारी आकडा १३ मृतांचा. गावोगावचे लोक आजही तो आकडा मानत नाहीत. मी हे सांगते कारण बालसाहित्यात आठवडी बाजार नेहमी रंगीबेरंगी, गोड असतो. आपल्या जिल्ह्यात तराजू हा विषय रक्ताने लिहिलेला आहे. वजन बरोबर आहे की नाही हे तपासता येणं ही इथे हौस नाही.

मराठीत अर्थशिक्षणाच्या या विचाराला जुनी परंपरा आहे. लोकहितवादींनी १८४९ साली 'लक्ष्मीज्ञान' लिहून अर्थशास्त्र मराठीत आणलं. पण प्राथमिक शाळेसाठी खरा मुद्दा मांडला तो जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितलं की खेड्यातल्या मुलाला मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशोब आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान द्यावं. मोडी का? कारण सावकाराची वही, खतं आणि दस्त मोडीत असत. ज्या लिपीत फसवणूक होते ती लिपी मुलाला आधी यायला हवी. त्याच्या सात वर्षं आधीच, १८७५ मध्ये, सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली होती. फुले कागद जाळण्याच्या पुढे गेले आणि कागद वाचण्याची मागणी केली. आजची मोडी कोणती? ॲपवरचा इंग्रजी मजकूर, बँकेचा एसएमएस, विम्याचा अर्ज, सूक्ष्म वित्त कंपनीचं हप्त्यांचं कार्ड.

१९३७ मध्ये वर्ध्याला, इथून फार लांब नाही, गांधीजींच्या नई तालीमची परिषद भरली. सूत काततानाच सुताचा हिशोब, हा तिचा आग्रह होता. शिक्षण उत्पादक कामाला जोडण्याची ती कल्पना मला आजही पटते. मात्र टकळी गेली, आपल्या पोरांच्या हाती कापसाचं बोंड आहे, तेव्हा हिशोब बोंडाचा व्हावा.

आता शाळांत अलीकडे रुळलेल्या एका उपक्रमाविषयी. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांत 'आनंद बाजार' भरतो. मुलं भाजी, वडापाव, भेळ विकायला बसतात, पालक गिऱ्हाईक होतात. नदीपलीकडच्या अशा एका बाजारात मी हिवाळ्यात गेले होते. चौथीतली एक मुलगी गोणपाटावर मेथी मांडून बसली होती. वीस जुड्या, दहा रुपयाला एक. दुपारपर्यंत सगळ्या संपल्या आणि तिने वहीत लिहिलं: विक्री २०० रुपये, नफा २०० रुपये. तिच्या शिक्षिकेने शाबासकी दिली, पण तिथेच सोडलं नाही. बियाणं? "घरचं होतं." पाणी? "विहिरीचं." जुड्या कोणी बांधल्या? "आईने, पहाटे." मग आईचे किती धरायचे? मुलगी म्हणाली, "आईचे कशाला धरायचे मॅडम, ती तर घरचीच आहे." शेजारी चिंचा विकणारा मुलगा लगेच म्हणाला, "तुझी आई आज वेचणीला गेली असती तर तिला किलोवर पैसे मिळाले असते ना?"

मी तिथे उभी होते. या मुलाने जे सांगितलं त्याला अर्थशास्त्रात संधीखर्च म्हणतात. एक काम केलं म्हणून दुसरं जे सोडावं लागलं, त्याची किंमत. पदवीच्या वर्गात हे समजावायला मला दोन तास लागतात, कारण तिथली मुलं व्याख्या पाठ करतात. त्या शाळेत व्याख्या कोणाला माहीत नव्हती. मग वर्गात बराच वाद झाला. कोणी म्हणालं आईचे पन्नास धरा, कोणी म्हणालं वेचणीच्या दराने धरा, एक म्हणाला बाबांचेही धरा, त्यांनी गोणपाट मोटारसायकलवर आणलं. शेवटी मुलीने 'नफा २०० रुपये' खोडलं. नवा आकडा काय लिहायचा हे ठरलं नाही, आणि शिक्षिकेने तो सांगितलाही नाही. मला ते फार योग्य वाटलं. शेतकऱ्याच्या उत्पादनखर्चात घरच्यांची मजुरी किती धरायची यावर हमीभावाच्या चर्चेत मोठमोठे आयोग झगडतात. चौथीच्या वर्गाने तो प्रश्न उघडा ठेवला तर बिघडत नाही.

आनंद बाजारात 'सर्वांत जास्त नफा' म्हणून बक्षीस देण्याची पद्धत मात्र बंद करावी, अशी माझी स्पष्ट मागणी आहे. घरून फुकट आलेल्या मालावर नफा मोजणं हे खोटं गणित आहे. आणि ते शिकलेलं मूल उद्या शेतात स्वतःच्या आईबापाच्या घामाची किंमत शून्य धरतं. तसंच लहान मुलांना शेअरबाजार शिकवण्याचे जे वर्ग शहरांत निघालेत, त्यांचा आपल्याला काही उपयोग नाही.

सीमेवर राहण्याचा आपल्याला एक फायदा आहे. दोन सरकारं आपल्याला शेजारी शेजारी पाहायला मिळतात. आपल्या बाजूला डिसेंबर २०२३ पासून महिलांना आरटीसीच्या साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये राज्याच्या हद्दीत प्रवास फुकट. पैनगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं तिकीट. आपल्या बसमध्ये कंडक्टर बाईला 'झीरो तिकीट' फाडून देतो. मुलींना विचारा, पैसे घ्यायचेच नाहीत तर तिकीट कशाला? कारण त्या तिकिटांची मोजदाद होते आणि सरकार महामंडळाला पैसे भरतं. सरकारकडे पैसे कुठून? तुझ्या बाबांनी टाकलेल्या पेट्रोलवरचा कर, साबणावरचा जीएसटी, दारूवरचा कर. फुकट गोष्टीचे पैसे कोणीतरी भरलेले असतात, हे मुलांना सांगावं, पण त्यावरून फुकट वाईट असं सांगू नये. शाळा फुकट आहे, लस फुकट आहे, आणि त्या तशाच असाव्यात. कशासाठी सगळ्यांनी मिळून भरावं आणि कशासाठी ज्याने त्याने, हा प्रश्न मुलांपुढे ठेवणं म्हणजेच त्यांना नागरिक करणं.

शेतीच्या मदतीचंही तसंच. तेलंगणातल्या रैतु भरोसा योजनेचा जाहीर दर एकराला वर्षाकाठी १२,००० रुपये. केंद्राचे ६,००० दोन्हीकडे मिळतात. नदीपलीकडे त्यांत राज्याच्या नमो योजनेचे ६,००० मिळून १२,००० होतात, पण ते कुटुंबाला, एकर कितीही असोत. आपल्या बाजूचा पाच एकरवाला आणि पलीकडचा पाच एकरवाला यांची गणितं मुलांना मांडू द्या. मग दोन्हीकडच्या बिनजमिनीच्या मजुराचं मांडा. त्या ओळीत या योजनांचं दोन्हीकडे शून्य येतं. ते शून्य मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिलं पाहिजे.

शिक्षकांची अडचण मी जाणते. एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग, मराठी माध्यमाची पटसंख्या घसरलेली, वरून रोज नवा फॉर्म. म्हणून मी वेगळा विषय मागत नाही. गणितातली 'रामूने बारा सफरचंदं घेतली' ही उदाहरणं काढा. आपल्या रामूने सफरचंद कधी पेटीने घेतलेलं नाही. त्या जागी मोहफुलं, डिंक, ज्वारी, वेचणीची मजुरी, हमाली आणि तोलाई येऊ द्या. परिसर अभ्यासात बाजार येतोच, त्या तासाला मुलांना वजनमाप खात्याचा शिक्का काट्यावर कुठे असतो ते दाखवा. दहा वर्षांवरील मुलाला आता बँकेत स्वतःच्या नावाचं बचत खातं स्वतः चालवता येतं, रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये तसे निर्देश दिले आहेत. पाचवीच्या मुलांना एकदा बँकेत न्या आणि स्लिप त्यांनाच भरू द्या.

बाजार समितीचे सदस्य पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून त्यांना इथूनच विनंती करते. यार्डात ओलाव्याच्या यंत्राशेजारी एक मोठा फलक लावा. ८, ९, १०, ११, १२ टक्क्यांना क्विंटलचा भाव किती, कट्टी किती, हे त्यावर तेलुगू, मराठी आणि गोंडीत लिहा, अक्षरं पाचवीच्या मुलाला दुरून वाचता येतील एवढी मोठी ठेवा. हंगामात एक दिवस शाळांच्या मुलांना यार्डात येऊ द्या आणि त्यांच्यासमोर एक गाडी ओलाव्यापासून हिशोबपट्टीपर्यंत पूर्ण मोजून दाखवा. आणि शिक्षकांनो, त्या दिवशी मुलांच्या हातात पाठ्यपुस्तक देऊ नका. कोरी वही द्या.